परातीतले पाणी आणि किल्लारीचा हादरा

एखाद्या ठिकाणी झालेली हालचाल शेजारच्या कणांनी पुढच्या कणांकडे सोपवत नेली आणि ती दूरवर पोहोचली, म्हणजे तरंग निर्माण झाला असे भौतिकशास्त्र मानते. ज्या पदार्थातून ही हालचाल जाते त्याला माध्यम म्हणतात. माध्यमाचे कण आपापल्या जागेभोवती थोडेसे हलून पुन्हा तिथेच येतात, आणि पुढे सरकते ती ऊर्जा. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ही व्याख्या तोंडपाठ असते, सूत्रेही येतात, आणि तरीही तलावातली लाट काठाकडे येते तेव्हा पाणीच काठाकडे येत असावे, हा समज पुष्कळांच्या मनातून जात नाही. याचा दोष विद्यार्थ्यांच्या बुद्धीला देता येत नाही. तरंग हा विषय डोळ्यांनी पाहायचा, हातांनी जाणवून घ्यायचा आणि मग लिहायचा आहे. शिकवताना मात्र बहुधा हा क्रम उलटा होतो. समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर, दख्खनच्या पठारावर वसलेल्या सोलापुरात तरंगांचा जवळजवळ सगळा प्राथमिक अभ्यास घरगुती वस्तूंवर आणि गावच्या परिसरात करता येतो.

पहिले साधन घरोघरी आधीच आहे. भौगोलिक मानांकन लाभलेली जाड सुती सोलापुरी चादर दोघांनी दोन टोकांना धरली आणि एकाने आपल्या हातातले टोक झटकले, तर एक उंचवटा चादरीवरून पळत दुसऱ्याच्या हातापर्यंत जातो आणि त्या हाताला हिसका बसतो. चादरीचा एकही धागा या टोकाकडून त्या टोकाला गेलेला नसतो, तरी हिसका मात्र पोहोचलेला असतो. चादरीवर मध्यभागी रंगीत दोऱ्याची एक गाठ बांधून ठेवली तर ती गाठ वर जाते, खाली येते आणि आपल्या जागी थांबते, हे स्पष्ट दिसते. हीच चादर पाण्यात भिजवून, न पिळता, तितक्याच ताणाने धरून पुन्हा झटकली तर उंचवटा संथपणे जातो. माध्यम जड झाले की तरंगाचा वेग कमी होतो आणि ताण वाढवला की वेग वाढतो, हे दोन्ही नियम धुणे वाळत घालताना हाताला कळतात.

हिशोब करायचा असेल तर चादरीऐवजी दोर बरा. पाच मीटर लांबीचा आणि अर्धा किलो वजनाचा सुती दोर घेऊन त्याचे एक टोक हातात धरावे, दुसरे टोक कप्पीवरून सोडून त्याला एक किलोचे वजन टांगावे. अशा दोरावरून तरंग सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगाने जातो, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचायला त्याला अर्धा सेकंद लागतो. वजन चार किलो केले तर वेग दुप्पट होतो, चौपट होत नाही, कारण वेग हा ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. वर्गमूळ हा शब्द फळ्यावर रुक्ष वाटतो. पण वजने वाढवत नेली आणि दर वेळी वेग अपेक्षेपेक्षा कमी वाढला, की त्याचा अर्थ पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो.

दोराच्या टोकाला पोहोचलेला तरंग तिथे नाहीसा होत नाही, तो परत फिरतो. टोक खिडकीच्या गजाला घट्ट बांधलेले असेल तर वरच्या बाजूने गेलेला उंचवटा खालच्या बाजूचा खळगा होऊन परत येतो. दोराचे टोक एका बारीक, हलक्या दोऱ्याने गजाला बांधून जवळजवळ मोकळे ठेवले, तर उंचवटा उंचवटा म्हणूनच परततो. आता हात थांबवून थांबवून न हलवता एका लयीत हलवत राहावा. जाणारे आणि परतणारे तरंग एकमेकांवर पडतात आणि हाताची लय जुळली की दोर पुढे-मागे धावताना दिसतच नाही. तो जागच्या जागी फुगतो आणि दबतो. वर सांगितलेल्या दोरावर सेकंदाला एकदा हात हलवला तर सगळा दोर एकाच फुगवट्यात झुलतो, सेकंदाला दोनदा हलवला तर दोन फुगवटे होतात आणि त्यांच्यामध्ये एक बिंदू अगदी स्तब्ध राहतो, तीनदा हलवला तर तीन फुगवटे आणि दोन स्तब्ध बिंदू. या रचनेला स्थिर तरंग म्हणतात आणि स्तब्ध बिंदूंना निस्पंद. सेकंदाला दीड वेळा हात हलवून पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण तेव्हा दोर नुसता गोंधळल्यासारखा हलतो आणि त्यात कोणताही आकार टिकत नाही. प्रत्येक ताणलेल्या वस्तूला स्वतःच्या ठरावीक लयी असतात आणि त्याच लयीत दिलेला लहानसा धक्का मोठा परिणाम करतो. या गुणधर्माला अनुस्पंदन म्हणतात.

दोरावरचा हाच नियम चामड्याच्या पडद्यावर लावला की वाद्यांचे शास्त्र सुरू होते. हलगी वाजवणारे वादक वाजवण्यापूर्वी ती जाळावर शेकतात. शेकल्याने चामड्यातला ओलावा जातो, चामडे आकसते आणि ताण वाढतो. ताण वाढला की पडद्यावरून जाणाऱ्या तरंगाचा वेग वाढतो आणि आवाज चढतो. दमट हवेत थोड्या वेळाने ती पुन्हा उतरते आणि पुन्हा जाळ शोधावा लागतो. दोरावर वजन वाढवणे आणि हलगी शेकणे या भौतिकदृष्ट्या एकाच जातीच्या क्रिया आहेत. पडद्यावरचे तरंग प्रत्यक्ष पाहायचे असतील तर एका रुंद पातेल्याच्या तोंडावर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून बसवावा, त्यावर चिमूटभर कोरडा रवा भुरभुरावा आणि जवळ तोंड नेऊन मोठ्याने एकच स्वर लांबवत गुणगुणावा. फुंकर पडद्यावर पडणार नाही एवढी काळजी घेतली आणि स्वर हळूहळू चढवत नेला, तर एका विशिष्ट स्वराला रवा एकदम नाचू लागतो आणि पडद्याच्या शांत राहिलेल्या रेषांवर जाऊन गोळा होतो. दोरावर जे निस्पंद बिंदू होते, ते इथे रेषा होतात. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाडनी यांनी १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यांवर वाळू पसरून अशा आकृत्या प्रसिद्ध केल्या, आणि पुढे त्या दाखवत ते युरोपभर फिरले.

साध्या पडद्याची एक अडचण आहे. तारेचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकी पटींत येतात, म्हणून तार कानाला सुरेल वाटते. सारख्या जाडीच्या गोल पडद्याचे वरचे स्वर मात्र १.५९ पट, २.१४ पट अशा अपूर्णांकी पटींत येतात, म्हणून साध्या ढोलाला ठोका असतो पण नेमका सूर नसतो. मृदंग आणि तबला यांना सूर असतो, त्याचे कारण पुडीच्या मध्यावर थरावर थर देऊन घोटलेली काळी शाई. मध्यभाग जड झाल्याने पडद्याच्या लयी सरकतात आणि जवळजवळ पूर्णांकी पटींत येऊन बसतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ही गोष्ट मांडली आणि १९३४ मध्ये तिच्यावर सविस्तर निबंध लिहिला. नोबेल पारितोषिक मिळवून देणारे प्रकाशाचे संशोधन सर्वांना माहीत असते. पण कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानाने साधलेल्या गोष्टीचे गणित मांडणारे हे काम शाळांतून अधिक सांगितले गेले पाहिजे, कारण त्यासाठी लागणारे साधन प्रत्येक भजनी मंडळात आहे.

दोरावरचा तरंग फार वेगाने पळतो, डोळ्याला तो नीट पकडता येत नाही. ही अडचण बेल प्रयोगशाळेतील जॉन शाइव्ह यांनी एका यंत्राने दूर केली आणि १९५९ च्या एका शैक्षणिक चित्रपटात ते यंत्र वापरून सगळ्या प्रकारच्या तरंगांमधले साम्य दाखवले. त्या यंत्रात एका लवचीक कण्यावर आडव्या धातूच्या कांड्या ओळीने बसवलेल्या असत. त्याची घरगुती आवृत्ती रुंद चिकटपट्टी आणि खराट्याचे हीर यांच्यापासून बनते. तीन-चार मीटर चिकटपट्टी दोन खुर्च्यांमध्ये ताणून बांधावी, तिच्या चिकट बाजूवर पाच-पाच सेंटिमीटरवर सारख्या लांबीचे हीर अगदी मध्यावर तोलून आडवे चिकटवावेत, वरून चिकटपट्टीचा दुसरा थर द्यावा आणि प्रत्येक हिराच्या दोन्ही टोकांना मळलेल्या कणकेच्या किंवा शाडूच्या सारख्या गोळ्या लावाव्यात. पहिल्या हिराचे टोक बोटाने खाली दाबून सोडले की पट्टीला पीळ बसतो आणि तो पीळ एका हिराकडून दुसऱ्याकडे इतक्या संथपणे जातो की बोट दाखवत त्याच्याबरोबर चालता यावे.

या यंत्राचा खरा उपयोग सीमेवर होतो. पट्टीच्या अर्ध्या भागातल्या हिरांवरच्या गोळ्या काढून टाकल्या तर एक जड आणि एक हलके अशी दोन माध्यमे सांधलेली मिळतात. जड भागातून आलेला तरंग सांध्यापाशी पोहोचला की त्याचे दोन वाटे होतात. एक पुढे हलक्या भागात शिरतो आणि एक मागे फिरतो. खिडकीच्या काचेतून बाहेरचे दृश्य दिसते आणि त्याच काचेत पाहणाऱ्याचा चेहराही अंधुक दिसतो, त्याचे कारण हेच. सांध्याजवळच्या गोळ्या एकदम न काढता क्रमाक्रमाने लहान करत नेल्या तर परतणारा वाटा खूपच कमी होतो. शेवटच्या हिराला पुठ्ठ्याचे लहान वल्हे लावून ते पाण्याच्या वाटीत बुडवले आणि वल्ह्याचा आकार थोडा कमी-जास्त करत पाहिले, तर एक आकार असा सापडतो की तरंग जवळजवळ परतच येत नाही, सगळी ऊर्जा पाणी शोषून घेते. हा शोध घेताना मुले जितकी रमतात तितकी ती सूत्र सोडवताना सहसा रमत नाहीत, आणि त्या खटपटीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही अवघड वाटणारी एक संकल्पना त्यांच्या हाताखालून जाते.

दोर आणि पट्टी यांवर तरंगाला पुढे किंवा मागे एवढ्याच दिशा असतात. पाण्याच्या पृष्ठभागावर तो पसरू शकतो, आणि त्यामुळे अनेक नवी वर्तने दिसू लागतात. सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून खडा टाकला की वर्तुळे उमटतात, हे सर्वांनी पाहिलेले असते. त्याच पाण्यात एक बारीक काडी उभी धरून हळूहळू ओढून पाहणारे मात्र थोडे. काडीचा वेग सेकंदाला सुमारे २३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तिच्यामागे लाटांची नक्षी उमटत नाही, आणि ही मर्यादा ओलांडताच काडीच्या पुढे बारीक वळ्या आणि मागे पाचरीसारखा पट्टा एकदम दिसू लागतो. लांब लाटांना गुरुत्वाकर्षण सपाट करू पाहते आणि अगदी आखूड लाटांना पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आकसण्याची ओढ. दोन्हींच्या सीमेवर, सुमारे पावणेदोन सेंटिमीटर लांबीच्या लाटेपाशी वेग सर्वांत कमी असतो, आणि त्याहून हळू चालणारी लाट स्वच्छ, खोल पाण्यावर असूच शकत नाही.

बाकीचे प्रयोग घरातच होतात. थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील व्याख्यानांसाठी उथळ पाण्याचे तबक वापरले. काचेचा तळ, खालून किंवा वरून दिवा आणि पडद्यावर पडणाऱ्या लाटांच्या सावल्या अशी त्याची रचना. घरी पारदर्शक तळाचा चौकोनी प्लास्टिकचा डबा, एक सेंटिमीटर पाणी, वर उंच धरलेला मोबाइलचा दिवा आणि खाली पांढरा कागद एवढ्यात ते जमते. लाटेचा प्रत्येक उंचवटा भिंगासारखा प्रकाश एकवटतो, म्हणून कागदावर उजळ रेषा पळताना दिसतात. स्टीलच्या परातीत पाणी घेऊन ती उन्हात ठेवली तर छतावर पडलेल्या कवडशातही लाटांची नक्षी दिसते, पण परातीच्या गोल कडेवरून लाटा परत फिरतात आणि चित्र विस्कटते. यावर उपाय म्हणजे कडेने सोलापुरी टर्किश टॉवेलच्या पट्ट्या घालणे. टॉवेलचे असंख्य फंदे लाटेची ऊर्जा थोडी थोडी करून शोषतात. पट्टीच्या शेवटी लावलेल्या वल्ह्याचेच हे काम आहे. टॉवेल काढला की गोंधळ आणि घातला की स्वच्छ वर्तुळे, हा फरक दाखवण्यासारखा आहे.

अशा डब्याच्या अर्ध्या भागात काचेचा जाड तुकडा ठेवून त्यावर जेमतेम दोन मिलिमीटर पाणी राहू दिले, तर काचेवर येताच लाटा मंदावतात, त्यांच्यातले अंतर कमी होते आणि काच तिरपी ठेवली असेल तर त्यांची दिशाही वळते. वेग बदलल्याने दिशा वळण्याच्या या क्रियेला अपवर्तन म्हणतात. सोलापूरच्या कापडगिरण्या चालू होत्या त्या काळात पहाटेच्या पाळीचा भोंगा दूरच्या वस्त्यांपर्यंत स्पष्ट पोहोचे आणि दुपारचा मात्र मध्येच विरे, त्याचे एक कारण पहाटेची शांतता, आणि दुसरे कारण हे अपवर्तन. शून्य अंश सेल्सिअसला ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. मे महिन्यातल्या चाळीस अंशांना तो ३५५ च्या घरात जातो. हिवाळी पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे ध्वनितरंगाचा वरचा भाग पुढे सरकतो आणि सगळा तरंग जमिनीकडे वाकतो. तापलेल्या दुपारी उलट घडते, ध्वनी वर वळून डोक्यावरून निघून जातो.

डब्यात प्लास्टिकच्या दोन पट्ट्या उभ्या करून त्यांच्यामध्ये फट ठेवली तर आणखी एक वर्तन दिसते. फट लाटांमधल्या अंतरापेक्षा पुष्कळ रुंद असेल तर लाटा सरळ पुढे जातात आणि पट्ट्यांच्या मागे शांत सावली राहते. फट त्या अंतराएवढी अरुंद केली की लाटा फटीतून बाहेर पडून चहूकडे अर्धवर्तुळात पसरतात. दोन लगतच्या उंचवट्यांमधल्या अंतराला तरंगलांबी म्हणतात आणि अडथळ्याच्या कडेवरून तरंग वळून पसरण्याला विवर्तन. ढोलाचा खर्ज आवाज दोन-दोन मीटर तरंगलांबीचा असतो, म्हणून मिरवणूक गल्लीच्या वळणापलीकडे असली तरी तो कोपरा वळून येतो. हलगीची कडकडीत थाप त्यापेक्षा फार आखूड तरंगांची असते आणि मिरवणूक समोर आल्यावरच ती तिच्या खऱ्या धारेने ऐकू येते. प्रकाशाची तरंगलांबी तर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून दाराआडचे बोलणे ऐकू येते आणि बोलणारा दिसत नाही.

प्रकाश हा तरंग आहे हे दाखवायला मात्र तितकीच बारीक फट हवी, आणि इथे विणकरांचे शहर उपयोगी पडते. अमेरिकेतील फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी रस्त्यावरच्या दूरच्या दिव्याकडे रेशमी रुमालातून पाहिले तेव्हा त्यांना रुमालाच्या धाग्यांसारख्या, पण ठळक पट्ट्या दिसल्या, आणि रुमाल हलवला तरी त्या पट्ट्या हलेनात. त्यांनी हे कोडे डेव्हिड रिटनहाउस यांच्याकडे पाठवले. रिटनहाउस यांनी १७८५ मध्ये बारीक आट्यांच्या स्क्रूंवर केस समांतर ताणून एक जाळी बनवली आणि दिसणाऱ्या पट्ट्यांची मोजमापे केली. ताण्या-बाण्याच्या प्रत्येक दोन धाग्यांमधली मोकळी जागा ही प्रकाशासाठी एक फट असते. अशा शेकडो फटींतून निघालेले तरंग काही दिशांना उंचवट्यावर उंचवटा येऊन एकमेकांना बळ देतात आणि काही दिशांना उंचवट्यावर खळगा येऊन एकमेकांना पुसून टाकतात. या क्रियेला व्यतिकरण म्हणतात. पाण्याच्या डब्यात दोन बोटे एकाच लयीत बुचकळत राहिले तर दोन वर्तुळमालांच्या मधोमध शांत पाण्याच्या रेषा पंख्यासारख्या पसरतात, तेही व्यतिकरणच.

दर सेंटिमीटरला चाळीस धागे असलेले पातळ कापड घेतले तर दोन धाग्यांमधले अंतर पाव मिलिमीटर येते. अशा कापडातून शंभर मीटरवरच्या एकाकी दिव्याकडे पाहिले असता दिव्याच्या चारही बाजूंना, सुमारे पाव-पाव मीटर अंतरावर असल्यासारखी, त्याची फिकट प्रतिरूपे एका क्रूसाच्या आकारात दिसतात. मूळ दिव्यापासून दूरच्या प्रतिरूपांची आतली कड निळसर आणि बाहेरची लालसर असते, कारण लाल प्रकाशाची तरंगलांबी जास्त आणि त्यामुळे तो अधिक पसरतो. कापड फिरवले की क्रूस फिरतो, बाजूला सरकवले तर तो जागचा हलत नाही. जाड चादर इथे निरुपयोगी आहे. मलमल, रेशमी ओढणी किंवा छत्रीचे कोरडे कापड घ्यावे, आणि जितकी वीण घट्ट तितकी प्रतिरूपे एकमेकांपासून दूर जातात हे वेगवेगळी कापडे डोळ्यासमोर धरून ताडून पाहावे. विणीची मोजणी प्रकाशाने करता येते, ही गोष्ट यंत्रमागांच्या शहरातल्या मुलांना सांगितली नाही तर ती एका हक्काच्या ज्ञानाला मुकतील. सूर्याकडे किंवा लेझरच्या झोताकडे कापडातून कधीही पाहू नये, एवढी ताकीद मात्र आधी द्यावी.

सोलापूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, विजयपूरच्या गोलघुमटात ध्वनीच्या तरंगांचे भव्य प्रात्यक्षिक साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मुहम्मद आदिलशहाच्या या कबरीच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. सज्जावरून मारलेली टाळी समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो, आणि दोन आवाजांत एक दशांश सेकंदाचे अंतर असले की कान ते वेगळे ओळखतो, म्हणून तिथे एकाच टाळीचे अनेक प्रतिध्वनी सुटे सुटे ऐकू येतात. अधिक नवलाची गोष्ट कुजबुजीची. भिंतीला तोंड लावून केलेली कुजबुज समोरच्या बाजूला भिंतीला कान लावणाऱ्याला ऐकू येते, मधल्या माणसाला ऐकू येत नाही. लॉर्ड रेली यांनी लंडनच्या सेंट पॉल चर्चमधल्या अशाच सज्जाचा उलगडा करताना पत्र्याची लांब पट्टी अर्धवर्तुळात वाकवली, एका टोकाला पक्ष्यासारखी तीक्ष्ण शीळ आणि दुसऱ्या टोकाला आवाजाने थरथरणारी ज्योत ठेवली. मध्ये कुठेही, पत्र्याच्या आतल्या अंगाला लागून एक अरुंद फळी उभी केली की ज्योत शांत होई. ध्वनी मोकळ्या जागेतून न जाता वक्र भिंतीला बिलगून सरकत जातो, हे त्या फळीने सिद्ध केले. सेंट पॉलमध्ये १९२१ साली रामन यांनीही या घटनेची निरीक्षणे केली होती. जस्ताचा पत्रा, टिकटिकणारे घड्याळ आणि वहीचा पुठ्ठा यांनी हा प्रयोग वर्गात होतो.

आतापर्यंतचे बहुतेक तरंग मनोरंजक आहेत. सोलापूरच्या परिसराला तरंगांची दुसरी बाजूही ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्री, लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळ सुमारे ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली आणि सोलापूर शहरही हादरून जागे झाले. किल्लारीपासून सोलापूर सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर आहे. खडकातून दोन प्रकारचे तरंग निघतात. पहिल्या प्रकारात खडकाचे कण तरंगाच्या दिशेनेच पुढे-मागे दबले-ताणले जातात. यांना अनुतरंग म्हणतात आणि ध्वनी याच जातीचा. दुसऱ्या प्रकारात कण तरंगाच्या दिशेला आडवे हलतात. हे अवतरंग, चादरीवरच्या आणि दोरावरच्या तरंगांसारखे. भूकवचात पहिला प्रकार सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने आणि दुसरा साडेतीनच्या आसपास जातो. म्हणजे किल्लारीचा पहिला धक्का सोलापुरात यायला साधारण १३ सेकंद आणि दुसरा यायला २३ सेकंद लागतात. हे दहा सेकंदांचे अंतर नोंदीवर दिसले की त्यावरून भूकंपाचे केंद्र किती दूर आहे ते कळते; अशी तीन ठिकाणची अंतरे मिळाली की नकाशावर तीन वर्तुळे काढून केंद्राची जागा ठरवता येते. मागून येणारा आडवा हेलकावा अधिक जोराचा असतो, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींवर मातीचे जड माळवद पेललेली मराठवाड्यातली घरे त्या हेलकाव्यापुढे उभी राहू शकली नाहीत.

या दोन तरंगांचे प्रात्यक्षिक कोणत्याही साधनाशिवाय होते. मैदानात मुलांना एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे करावे आणि प्रत्येकाने शेजाऱ्याच्या खांद्यावर हात घट्ट ठेवावा. टोकाच्या मुलाला ओळीच्या दिशेने हलकेच ढकलले की धक्का दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो, हा अनुतरंग. त्याच मुलाला कमरेत पुढे वाकवून सरळ केले की हातांच्या ओढीने वाकणेही ओळीतून पुढे जाते, पण सावकाश, हा अवतरंग. मग सर्वांनी हात सोडून नुसते चिकटून उभे राहावे. ढकलण्याचा धक्का पूर्वीसारखाच पोहोचतो; वाकणे मात्र पहिल्या मुलापाशीच संपते, कारण शेजाऱ्याला ओढून घेणारे काही उरलेले नसते. द्रवाची स्थिती हीच असते, त्यातून अवतरंग जात नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून हे तरंगप्रकार वेगळे ओळखले आणि १९०६ मध्ये पृथ्वीच्या पोटात वेगळ्या गुणधर्मांचा गाभा असल्याचे दाखवले. त्या गाभ्याचा बाहेरचा भाग द्रवरूप आहे हे पुढे याच तरंगांच्या अभ्यासातून निश्चित झाले.

सोलापूर, धाराशिव आणि लातूर या तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळांनी दरवर्षी ३० सप्टेंबरला हे प्रात्यक्षिक मैदानात करावे. ओळीच्या टोकाला सेकंद मोजणारा एक विद्यार्थी उभा करून धक्का आणि वाकणे यांच्या पोहोचण्यातले अंतर फळ्यावर लिहावे, आणि त्याच फळ्यावर किल्लारीपासून आपल्या गावाचे अंतर मांडून त्या पहाटे दोन हादऱ्यांमध्ये किती सेकंद गेले असतील याचा हिशोब मुलांकडून करून घ्यावा. त्यासाठी तीस मुले, एक शिक्षक आणि अर्धा तास पुरतो.